सोळावं वळण पंधराव्यातच सुरू होतं: ल्यूजची लाइन वाचायची कशी

टीव्हीवर ल्यूज पाहताना बहुतेकांना एवढंच दिसतं: एक माणूस उताणा झोपून, पाय पुढे करून बर्फाच्या पन्हळीतून सुटलाय आणि कोपऱ्यात घड्याळाचे आकडे पळतायत. कोण गाडी चालवतोय आणि कोण नुसता वाहत चाललाय, हा फरक कळत नाही. तो कळायला लाइन वाचावी लागते. लाइन म्हणजे घसरगाडीने बर्फावर धरलेली वाट.

चांगल्या धावेपेक्षा बिघडलेल्या धावेत ही वाट स्पष्ट दिसते, म्हणून इथे मुद्दाम तशीच एक घेतली आहे. १२ फेब्रुवारी २०१०, कॅनडातलं व्हिस्लर, हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनाचा दिवस. जॉर्जियाचा २१ वर्षांचा नोदार कुमारिताश्विली सरावाला उतरला आणि त्याच धावेत त्याचा जीव गेला. व्हिडिओ शोधत बसू नका. लाइन समजायला त्याची गरज नाही.

आधी गाडी

एकेरी ल्यूजची घसरगाडी साधारण २३ किलोची. खाली दोन पोलादी पाती, त्यांना धरणाऱ्या दोन वक्र पट्ट्या (त्यांना कूफन म्हणतात), पट्ट्या जोडणारे दोन आडवे पूल आणि वर पाठीच्या मापाची फायबरची खोळ. स्टीअरिंग नाही, ब्रेक नाही. पात्याची धार तीक्ष्ण ठेवली तर पकड मिळते पण वेग जातो. धार बोथट केली तर वेग मिळतो पण गाडी आडवी सरकते. बर्फ त्या दिवशी किती कडक आहे त्यावर हे ठरतं, आणि स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी खेळाडू तासन्‌तास पॉलिश पेपर घेऊन पात्यांवर वाकलेले असतात ते यासाठीच. पाती तापवून आणली तर जास्त घसरतात. म्हणून स्टार्टवर त्यांचं तापमान मोजतात, आणि मर्यादेपेक्षा गरम निघाली तर खेळाडू बाद होतो.

वळवायचं अंगाने. डावीकडे जायचं असेल तर उजव्या पोटरीने उजवी कूफन आत दाबायची आणि डावा खांदा खोळीत रुतवायचा. उजवीकडे जायचं तर याच्या उलट. दाब किती? पाहणाऱ्याला दिसणारही नाही इतका. पाय हललेला स्पष्ट दिसला तर समजायचं की खेळाडू चूक निस्तरतोय. डोकंही उचलायचं नाही. मान थोडी ताठ ठेवून पावलांच्या मधल्या फटीतून जेवढं दिसेल तेवढ्यावर भागवायचं. डोकं वर आलं की हवा अडते, आणि इथे वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात.

वळणात काय होतं

जत्रेतला मौत का कुआँ ज्याने पाहिलाय त्याला निम्मं गणित आधीच माहीत आहे. वेग असेल तर गाडी उभ्या भिंतीला चिकटते. ताशी १२० किलोमीटर वेग आणि ३० मीटर त्रिज्येचं वळण धरलं, तर अंगावर वजनाच्या पावणेचार पट दाब येतो. वेग १४० झाला की तोच दाब पाचपटीच्या पुढे जातो. वेग वाढला सहाव्या हिश्शाने, दाब वाढला एक तृतीयांशाहून जास्त. ६० किलोच्या माणसाला त्या क्षणी आपण ३०० किलोचे झालोय असं वाटतं, आणि त्याच अवस्थेत पोटरीने नेमका, हलका दाब द्यायचा असतो.

आता लाइन. वळणात गाडी लवकर शिरली तर ती भिंतीवर हळूहळू चढते, मधे उंची धरते आणि हळूहळू उतरते. एकच सपाट कमान. उशिरा शिरली तर भिंत अचानक समोर येते. गाडी झपकन वर जाते, तितक्याच वेगाने खाली येते, पुन्हा वर जाते. याला लाटा म्हणतात. छोट्या वळणात एखादी लाट आली तर निभावतं, कारण दुसरी उठायच्या आत वळण संपलेलं असतं. लांब वळणात लाटा वाढत जातात, आणि खरा प्रश्न एकच उरतो: वळण संपताना गाडी लाटेच्या कुठल्या टप्प्यावर आहे? उतरत्या टप्प्यावर असेल तर ती सरळ आतल्या भिंतीवर जाते.

यावरून घरबसल्या करायची एक गोष्ट: गाडीकडे पाहू नका, बर्फावरच्या तिच्या उंचीकडे पाहा. वळणात उंची किती वेळा बदलली ते मोजा. एकदा वर, एकदा खाली, म्हणजे चांगली धाव. दोनदा वर-खाली झालं तर मागच्या वळणाचा शेवट आठवा. चूक तिथे सापडेल.

व्हिस्लरची धाव

व्हिस्लरच्या ट्रॅकला १६ वळणं. वरपासून खालपर्यंत उंचीत १५२ मीटरचा फरक, जगातल्या ट्रॅकमध्ये सर्वांत जास्त. सोळावं, म्हणजे शेवटचं वळण ‘थंडरबर्ड’. तिथे गाडी आपल्या कमाल वेगाच्या आसपास असते.

आंतरराष्ट्रीय ल्यूज महासंघाच्या अहवालानुसार नोदार पंधराव्या वळणातून उशिरा बाहेर पडला आणि म्हणून सोळाव्यात उशिरा शिरला. त्याने गाडी सावरायचा प्रयत्न केला, पण वळणाच्या अखेरीस दाबापुढे लाइन मोडली. गाडी खाली येऊन आतल्या भिंतीवर आदळली. तो गाडीवरून उसळला, समोरच्या भिंतीवरून बाहेर फेकला गेला आणि ट्रॅकलगतच्या पोलादी खांबावर आपटला. खांबाला गादी नव्हती. शेवटचा नोंदला गेलेला वेग ताशी १४३.६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ४० मीटर. ‘चुकलं’ हे मेंदूला कळून पाय हलायला पाव सेकंद धरला तरी तेवढ्यात १० मीटर मागे पडलेले असतात. म्हणून ल्यूजमध्ये चूक जिथे दिसते तिथे ती दुरुस्त करता येत नाही.

महासंघाने याला कल्पनेपलीकडचा अपघात म्हटलं. आम्हाला हे पूर्ण पटत नाही. उशिरा शिरणं ही या खेळातली रोजची चूक आहे. ती प्रत्येक जण करतो. या ट्रॅकवरचे वेग आखणीच्या वेळी धरलेल्या अंदाजापेक्षा बरेच जास्त निघाले होते. जर्मन ल्यूजपटू फेलिक्स लोखची २००९ मधली नोंद ताशी १५३.९८ किलोमीटरची, आणि त्याच वर्षी महासंघाने आखणीकाराला लिहिलेल्या पत्रात या वेगाची काळजी व्यक्त झाली होती. चुकीची धाव भिंतीच्या आत राहायला हवी होती.

अपघातानंतर सोळाव्याच्या शेवटची भिंत उंच केली, बर्फाचा आकार बदलला, खांबांना गाद्या लावल्या आणि पुरुषांचा स्टार्ट महिलांच्या स्टार्टवर खाली आणला. ही सगळी कामं एका दिवसात झाली.

ट्रॅक शिकायचा क्रम

नोदार नवखा नव्हता. बाकुरियानी या डोंगराळ गावचा, ल्यूजच्याच घराण्यातला. घराण्यातल्या अलेको कुमारिताश्विली यांनी तिथे हा खेळ रुजवला, वडील सोव्हिएत काळातले खेळाडू. तो स्वतः १३ व्या वर्षी खेळाकडे वळला, अर्थशास्त्राची पदवी घेतली, आणि त्या मोसमात विश्वचषकाच्या क्रमवारीत ४४ वा होता. कमी पडल्या त्या या एका ट्रॅकवरच्या धावा: खालचे-वरचे सगळे स्टार्ट मिळून पंचविसेक. ब्रिटिश कोलंबियाच्या मृत्यू-चौकशी अहवालातही वेग आणि अवघड ट्रॅक यांच्या जोडीला ही कमी ओळख कारण म्हणून येते. यजमान कॅनडाच्या खेळाडूंना त्याच्या कितीतरी पट धावा मिळाल्या होत्या, आणि ही तक्रार अपघाताच्या आधीपासून होती.

नवा ट्रॅक शिकताना आधी बर्फावरून पायी उतरतात. प्रत्येक वळणाच्या तोंडाशी वाकून, झोपल्यावर डोळे जिथे असतील त्या उंचीवरून पाहतात, कारण उभ्याने दिसणारं वळण आणि झोपून दिसणारं वळण वेगळं असतं. मग डोळे मिटून हाताच्या पंजाने संपूर्ण धाव करायची, घड्याळ लावून. मनातली धाव आणि खरी धाव यांत सेकंदापेक्षा जास्त फरक पडला तर ट्रॅक अजून पाठ झालेला नाही. त्यानंतर सर्वांत खालच्या स्टार्टवरून सुरुवात, आणि शेवटची वळणं सलग स्वच्छ जमली की एक टप्पा वर. वरून आल्यावर तीच वळणं वेगामुळे नवी वाटतात, हे धरूनच चालायचं.

गाडी उलटली तर ती सोडायची नाही. सोडलेली घसरगाडी मागून येऊन अंगावर आदळते. धरून ठेवली तर तिच्या घर्षणाने आपणही थांबतो. शेवटची रेषा ओलांडल्यावर उठून बसायचं, पावलं बर्फावर टेकायची, कूफनची टोकं हाताने वर ओढायची. ब्रेक म्हणतात तो एवढाच.

भीतीबद्दल नवशिक्याला कोणी फारसं सांगत नाही. नोदारच्या वडिलांनी नंतर पत्रकारांना सांगितलं की मुलाने फोनवर एका वळणाची भीती वाटते म्हटलं होतं. वेग कमी करायला पाय टेकव, असं त्यांनी सुचवलं, पण एकदा सुटलो की पूर्ण उतरणारच, हे त्याचं उत्तर. ठराविक एका वळणाची भीती वाटणं हे बहुतेकदा त्याच्या आधीच्या वळणाची लाइन पक्की नसल्याचं लक्षण असतं. तेव्हा धैर्य गोळा करत बसू नये. खालच्या स्टार्टवर परत जाऊन आधीचं वळण घोटावं.

भारतात असा बर्फाचा ट्रॅक नाही. १९९८ ते २०१८ सहा ऑलिंपिक खेळलेला मनालीजवळच्या वशिष्ठ गावचा शिवा केशवन त्याच व्हिस्लरवर २०१० मध्ये उतरला होता. घरी असताना तो घसरगाडीला चाकं लावून हिमालयातल्या रस्त्यांवर, ट्रक आणि मेंढरांमधून सराव करायचा. पोटरी आणि खांदा त्यातून तयार होतात. भिंतीवरची उंची मात्र बर्फाशिवाय शिकता येत नाही.

२०१४ च्या सोची ऑलिंपिकसाठी ट्रॅक आखताना त्यात तीन ठिकाणी चढ घातले. त्या स्पर्धेच्या धावा पाहिल्यात तर नजर चढाच्या आधीच्या वळणावर ठेवा: तिथून उशिरा निघालेली गाडी चढावर वेग गमावते आणि घड्याळात मागे पडते.