कंपोस्ट झाल्यावर जे उरतं त्याचं काय करायचं

कंपोस्ट कसं करायचं हे सगळेच सांगतात, पण ते चाळल्यावर चाळणीत उरलेला जाड माल, ढिगाखाली साठलेलं काळं पाणी, बायोगॅसच्या टाकीतून बाहेर येणारी स्लरी, याचं पुढे काय हे फार कोणी बोलत नाही. मग एकतर सगळं एकत्र करून परत ढिगात ढकललं जातं नाहीतर सरळ गटारात. खरं तर यातलं जवळपास सगळं वापरता येतं, फक्त प्रत्येकाची वाट वेगळी आहे आणि वेळही वेगळी, ती चुकली की चांगलं खतसुद्धा खराब होतं.

आधी चाळणी. घरच्या वापराला १० ते १२ मिलिमीटर भोकांची चाळणी पुरते. माल हलका ओलसर असू द्या, फार ओला असेल तर भोकं बुजतात आणि कोरडा असेल तर धूळ उडते. ही धूळ साधी नसते हो, त्यात अ‍ॅस्परजिलस बुरशीचे बीजाणू असतात, दमा असलेल्यांनी तर हे काम दुसऱ्याला द्यावं, बाकीच्यांनी चांगला मास्क लावून मोकळ्या हवेत करावं.

वर जे उरतं त्यात काड्या, लाकडाचे तुकडे, फळांच्या कोया, टरफलं असतात. हे टाकू नका! यावर जिवाणू आणि बुरश्या आधीच बसलेल्या असतात त्यामुळे नव्या ढिगात घातलं की ते विरजणासारखं काम करतं, शिवाय काड्यांमुळे आत हवा खेळती राहते. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर थोडं थोडं पसरा. जास्तच उरलं तर झाडांच्या बुंध्याभोवती आच्छादन म्हणून घाला, पण खोडाला चिकटवू नका. मोठ्या प्रकल्पांमध्ये हाच जाड माल बायोफिल्टरमध्ये भरतात, म्हणजे वास येणारी हवा त्यातून सोडायची आणि ओल्या लाकडावरचे जिवाणू तो वास खातात.

पण परत परत फिरवण्याआधी प्लास्टिक, काच, धातू हाताने काढा, हे मी अगदी कळकळीने सांगतोय, कारण लाकूड दर फेरीत कुजून कमी होतं आणि प्लास्टिक तेवढंच राहतं, म्हणजे चार-पाच फेऱ्यांनंतर चाळणीवर मुख्यतः प्लास्टिकच दिसायला लागतं आणि त्याचे बारीक तुकडे खाली खतात जातात, तिथून ते काढणं जवळपास अशक्य. 'कंपोस्टेबल' लिहिलेल्या पिशव्यांचंही तेच, त्यातल्या बऱ्याच मोठ्या प्रकल्पातल्या ५५-६० अंशांच्या उष्णतेसाठी बनवलेल्या असतात, घरच्या थंड ढिगात त्या कितीतरी महिने तशाच राहतात. कुजण्यात न बसणारं हे सगळं सुक्या कचऱ्यात द्या.

आता काळं पाणी, म्हणजे लीचेट. फार येत असेल तर पहिला अर्थ हा की ढीग ओला झालाय, सुका पालापाचोळा किंवा भुसा मिसळा, वर झाकण घाला. मूठभर माल दाबून बघा, एखाद-दोन थेंब आले तर ठीक, धार आली तर जास्त. जमलेलं पाणी ताज्या, अजून तापायचा असलेल्या ढिगावर शिंपडा. तयार झालेल्या किंवा मुरत ठेवलेल्या खतावर अजिबात नाही, कारण तिथले रोगजंतू ढिगाच्या उष्णतेने मेलेले असतात आणि या पाण्यातून नवे जिवंत रोगजंतू परत येतात. नाल्यात, विहिरीजवळ ओतू नका, त्यातले सेंद्रिय पदार्थ कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपवतात आणि मासे मरतात. लोक हे 'खताचं टॉनिक' म्हणून कुंड्यांना घालतात पण त्यात क्षार आणि अमोनिया किती हे दरवेळी बदलतं, रोपं करपू शकतात. घट्ट बाटलीत भरूनही ठेवू नका, आत गॅस होतो.

बायोगॅसची स्लरी हा खरा खजिना. नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश टाकीत नष्ट होत नाहीत, गॅसमधून मुख्यतः कार्बन जातो, म्हणजे खताचा भाग स्लरीत उरतो. त्यातला बराच नायट्रोजन अमोनियम रूपात असतो, तो झाडाला लगेच मिळतो खरा पण उन्हात पसरवला की तेवढ्याच लवकर हवेत उडतो. म्हणून संध्याकाळी, वारा कमी असताना, पाणी मिसळून मुळांजवळ द्या आणि वर माती ओढा. कच्च्या खायच्या पालेभाज्यांवर ओतू नका, साध्या ३५ ते ४० अंशांच्या टाकीत सगळे रोगजंतू मरत नाहीत. गाळून घेतलं तर घट्ट चोथा वेगळा होतो, तो सुक्या पाल्याबरोबर परत कंपोस्टला लावता येतो. पातळ पाणी नवा कचरा कालवायला थोडं वापरता येतं, सगळं तेच फिरवत राहिलात तर अमोनिया साठतो आणि गॅस कमी होतो. स्लरी उघड्यावर साठवली तर तिच्यातून मिथेन निघत राहतो, झाकून ठेवा.

कंपोस्ट कच्चं निघालं, म्हणजे अमोनियाचा किंवा आंबट वास, ढीग पलटला की परत गरम, तर तेही वाया गेलेलं नाही. ओलावा नीट करून परत लावा, महिना-दोन महिने मुरू द्या. घाईने मातीत मिसळलं तर जिवाणू पुढचं कुजवायला मातीतलाच नायट्रोजन ओढतात आणि झाडं पिवळी पडतात.

शेवटची एक तपासणी करा, खासकरून बाहेरून आणलेलं गवत किंवा शेण वापरलं असेल तर. काही तणनाशकं, उदाहरणार्थ अमिनोपायरॅलिड आणि क्लोपायरॅलिड, जनावराच्या पोटातून आणि कंपोस्टमधूनही टिकून राहतात. एका कुंडीत हे खत मिसळलेली माती, दुसरीत साधी माती, दोन्हीत वाटाणा किंवा घेवडा लावा आणि दोन-तीन आठवडे बघा. फक्त खताच्या कुंडीतली पानं वाटीसारखी वळली, शेंडे पिळवटले तर ते खत भाजीच्या किंवा फुलांच्या वाफ्यात घालू नका. हिरवळीवर चालतं कारण गवताला या तणनाशकांचा त्रास होत नाही, पण त्या हिरवळीचं कापलेलं गवत परत ढिगात आणू नका, तिथेच पडू द्या.