नांदूरमध्यमेश्वरला पक्ष्यांचे फोटो काढायला जाताय? आधी हे वाचा

नाशिक जिल्ह्यातल्या या पक्षी अभयारण्यात जाताना लेन्स केवढी पाहिजे हे सगळे विचारतात, पाणी किती आहे ते कोणीच विचारत नाही. गोदावरी-कादवाच्या संगमावरच्या बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचला, उथळ पाणी आणि चिखलाची बेटं तयार झाली, म्हणून तर पक्षी येतात इथे. त्यामुळे जलाशय तुडुंब असेल तर बदकं पार लांब, ६०० एमएम लावूनही ठिपकेच मिळणार, आणि पाणी ओसरलं की शेकाटे, चमचे, चित्रबलाक असे पक्षी काठाजवळच्या चिखलात चरताना दिसतात. निघायच्या आधी तिथल्या गाइडला फोन करून विचारा सरळ.

डिसेंबर-जानेवारीत जा, आणि शक्यतो रविवार टाळा, २०२० ला राज्यातली पहिली रामसार साइट (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झाल्यापासून गर्दी वाढलीये. नाशिकहून अंधारातच निघायचं म्हणजे उजाडायला चापडगावला, अभयारण्याच्या काठावरच्या गावात. निफाडची थंडी माहितीये ना, बोटं आखडतात, शटर दाबता येत नाही, हातमोजे घ्याच. पाण्यावर धुकं असेल तर आधी लँडस्केप उरकून घ्या, ऊन चढलं की धुकं गेलं.

मग पक्षी. ऊन पाठीवर येईल अशी जागा बघायची आणि जमेल तेवढं खाली बसायचं, मनोऱ्यावरून काढलेला फोटो वरून काढलेलाच दिसतो राव. उडणाऱ्या पक्ष्याला शटर १/२००० सेकंद, आयएसओ ऑटो, फोकस कंटिन्युअस. आता पांढऱ्या पक्ष्याची गंमत बघा, काळपट पाण्यात छोटासा बगळा असला की कॅमेरा पाण्याकडे बघून एक्सपोजर वाढवतो आणि बगळ्याची पिसं जळून पांढरा डाग उरतो, म्हणून एक्सपोजर कॉम्पेन्सेशन मायनस ०.७ ते १ ठेवा. उलट वारकरी हा पाणपक्षी काळा कुळकुळीत, तिथे थोडं प्लस, पण त्याची चोच आणि कपाळ पांढरंशुभ्र असतं तेवढं जळू देऊ नका.

थवा उडवायला टाळ्या वाजवणारे महाभाग भेटतात, त्यांना तिथल्या तिथे टोका. हिवाळी पाहुणे हजारो किलोमीटर उडून येतात, खाऊन अंगात ताकद साठवायची असते त्यांना. थांबलात तर दलदलीवरून भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालत येतोच, तेव्हा बदकं आपणहून उठतात, त्यासाठी बोट शटरवर तयार ठेवा.

दहा-साडेदहानंतर हवा तापून लांबचं सगळं थरथरतं, कितीही भारी लेन्स असू दे, शार्प येत नाही. तेव्हा जेवून घ्या आणि दुपारनंतर येवल्याकडे ममदापूरला काळवीट बघायला सुटा.