अरबी अनुवादक शोधताना: एक्स्पोर्टला नव्याने लागलेल्यांसाठी

कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एक्स्पोर्टच्या टेबलावर बसलात की कधी ना कधी आखातातल्या पार्टीचा मेल येतोच: मॅन्युअल अरबीत पाठवा. मग गावात शोध सुरू होतो. कुणी मौलानांचं नाव सुचवतं, कुणी सौदीत नोकरी करून आलेल्या शेजाऱ्याचं. दोघांना अरबी येते यात शंका नाही, पण पंपाचं मॅन्युअल हे वेगळंच काम आहे. ते प्रमाण अरबीत लागतं आणि मशिनरी कळणाऱ्याच्या, शक्यतो अरबी मातृभाषा असलेल्याच्या हातून व्हावं लागतं. माझं मत ठाम आहे: आधी विषय बघा, मग रेट.

प्रोझ या संकेतस्थळावर भाषाजोडी आणि विषय निवडून अनुवादक शोधता येतात. अमेरिकेतली एटीए (अमेरिकन ट्रान्सलेटर्स असोसिएशन), ब्रिटनमधली आयटीआय (इन्स्टिट्यूट ऑफ ट्रान्सलेशन अँड इंटरप्रिटिंग) या अनुवादकांच्या संघटनांच्या याद्याही खुल्या आहेत. एजन्सीकडे गेलात तर आयएसओ १७१०० हे अनुवाद सेवेचं मानक पाळता का, हे विचारा. त्यात दुसऱ्या जाणकाराने अनुवाद मूळ मजकुराशी ताडून बघणं सक्तीचं आहे. कोर्टाच्या कागदांची वाट निराळी. संयुक्त अरब अमिरातीत त्यासाठी तिथल्या न्याय मंत्रालयाकडे नोंद असलेला अनुवादक लागतो. ते काम तिथल्या पार्टीमार्फतच करून घ्यावं.

माणूस पारखायला एक पान द्या, पैसे देऊन. ड्रॉइंग, टॉलरन्स, मटेरियल ग्रेड असं सगळं असलेलं. हा बोल्ट कुठे बसतो, फोटो आहे का, असं जो उलट विचारतो तो आपला. काहीही न विचारता रातोरात फाइल परत करणाऱ्यापासून सावध राहा. रेट इंग्रजी शब्दांवर ठरवा आणि तसं पीओत (परचेस ऑर्डरमध्ये) लिहा, कारण अरबीत शब्दसंख्या बदलते.

अरबी येत नसली तरी आकडे आपणच तपासायचे. पौर्वात्य अरबी अंकांत शून्य म्हणजे नुसता ठिपका, आणि ५ दिसतो आपल्या शून्यासारखा! सहा इंग्रजी ७ सारखा. मजकूर उजवीकडून डावीकडे जात असला तरी आकडा डावीकडूनच वाचायचा. हे दहा अंक एका संध्याकाळी पाठ होतात आणि प्रेशरचा चुकलेला आकडा छपाईआधीच सापडतो.

छपाईत आणखी एक धोका आहे. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये अरबी मजकूर पेस्ट केला की जोडलेली अक्षरं सुटी होतात, ओळ उलटी फिरते, आणि डीटीपीवाल्याला ते कळायचं कारण नाही. म्हणून अनुवादकाकडून पीडीएफही घ्या, कर्व्ह केलेलं (अक्षरांचं आकृतीत रूपांतर केलेलं) डिझाइन त्यालाच दाखवा आणि मगच प्लेट काढा. गुळाच्या लेबललाही हेच लागू.

पार्टी कारखाना बघायला येणार असेल तर अनुवादक नको, दुभाषी हवा. ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. पाहुणा कुठला हे आधी विचारा. मोरोक्को किंवा अल्जीरियाची बोली आखातातल्या लोकांनाही जड जाते. भट्टीजवळच्या आवाजात दुभाष्याला ऐकूच येत नाही, तेव्हा तांत्रिक बोलणं कॉन्फरन्स रूममध्ये उरका आणि मग शॉप फ्लोअरवर चला. प्रॉडक्टची माहिती त्याला आठवडाभर आधी पाठवा. दिवसभराची मीटिंग असेल तर दोघे जण सांगा, एकट्याचं डोकं दुपारनंतर थकतं. असे लोक बहुधा मुंबईहूनच बोलवावे लागतात, त्यामुळे भेटीची तारीख कळली की हॉटेलच्या आधी त्यांचं बुकिंग करा.