नागपुरात इलेक्ट्रिक कार निवडताना: आधी मीटर, मग मॉडेल

इलेक्ट्रिक कार घ्यायचे ठरले की बोलणे थेट किमतीवर येते. नागपूरकराने मात्र पहिली चौकशी आपल्या घरच्या वीजजोडणीची करावी. पंधरा अँपिअरच्या साध्या सॉकेटवरून सुमारे ३.३ किलोवॅटने चार्जिंग होते. टाटा टियागो ईव्हीची २४ किलोवॅट-तासांची (किलोवॅट-तास म्हणजे विजेचे एक युनिट) बॅटरी त्यावर रात्रभरात भरते. चाकणला जुळणी झालेल्या मर्सिडीज ईक्यूएस ५८०ची १०७.८ किलोवॅट-तासांची बॅटरी रिकामी असेल, तर त्याच सॉकेटवर जवळपास दीड दिवस जाईल. म्हणून आलिशान गाडी घेणाऱ्याने जास्त भार पेलणारी थ्री-फेज जोडणी, मंजूर भार (जोडणीवर एका वेळी वापरता येणारी कमाल वीज) आणि अर्थिंग यांची व्यवस्था बुकिंगपूर्वीच करावी, आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने, गाडी कोणतीही असो, सोसायटीची परवानगी लेखी घ्यावी.

त्यानंतर रोजची धाव मोजावी. सीताबर्डीहून बुटीबोरीला जाऊन येणे साठ किलोमीटरच्या आसपास होते आणि एवढ्यासाठी लहान बॅटरी पुरेशी आहे. समृद्धी महामार्गाचा हिशेब वेगळा आहे. तेथे ताशी १२० किलोमीटरची वेगमर्यादा आहे, आणि वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने गाडीची रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये कापता येणारे अंतर, झपाट्याने घटते. शिर्डीपर्यंतचे ५२० किलोमीटर दरमहा कापणाऱ्याला मोठी बॅटरी आणि चार्जिंग स्टेशनवरचे वेगवान डीसी चार्जिंग खरोखर उपयोगी पडते. वर्षातून एखाद्या वेळी जाणाऱ्याने मात्र तेवढ्यासाठी कित्येक लाख अधिक मोजू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वांत काटेकोर चौकशी उन्हाची करावी. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांपुढे जातो आणि अति उष्णतेने बॅटरीचे आयुष्य कमी होते. महाग गाडीची बॅटरी उष्णतेला अधिक टिकेल, असे गृहीत धरू नये: परवडणाऱ्या अनेक गाड्यांत वापरले जाणारे लिथियम आयर्न फॉस्फेट रसायन उष्णतेत अधिक स्थिर असते, तर महागड्या गाड्यांत बहुधा आढळणारे निकेल-मँगनीज-कोबाल्ट रसायन कमी वजनात अधिक ऊर्जा साठवते. त्यामुळे विक्रेत्याला बॅटरीचे रसायन, तिला द्रवशीतन (द्रव फिरवून थंड ठेवण्याची सोय) आहे की नाही आणि वॉरंटीच्या काळात मूळ क्षमतेपैकी किती टक्के टिकण्याची हमी आहे, हे विचारून उत्तर लेखी घ्यावे. चाचणी फेरीही शक्यतो भर दुपारी, एसी पूर्ण चालू ठेवून घ्यावी आणि निघताना व परतताना चार्जची टक्केवारी टिपून ठेवावी.