परदेशी गावांची नावं आपल्या वऱ्हाडी जिभेनं कशी म्हणायची

वक्तृत्व असो की एमपीएससीची मुलाखत, परदेशातल्या गावाचं नाव आलं की आपली पोरं दबकतात, काहून तर आपण शाळेला शाया म्हणतो, डोळ्याला डोया म्हणतो, मग आपलं सगळंच चुकत असन असं डोक्यात बसलेलं असते. तसं काही नाही भाऊ. बरेच परदेशी आवाज आपल्या तोंडात आधीच आहेत, कोणता कुठे लावायचा तेवढं पाहा.

पहिले स्पेलिंग बाजूला ठेवा अन गाव कोणत्या भाषेतलं ते शोधा. फ्रान्सचं व्हेर्साय इंग्रजीसारखं वाचलं तर व्हर्सेल्स होऊन जाते. स्पेनचं मायोर्का, कोलंबियाचं मेदेयीन, दोन्हीत दोन एल लिहितात अन म्हणताना य करतात. म्हणजे आपल्या ळ चा य होते तसा तिकडे ल चा झाला, अन तिथे तोच शुद्ध उच्चार! लाजायचं कशाला मग?

जर्मन नावात झेड दिसला की चूल-चाकातला च काढा, चहातला नाही. ऑस्ट्रियाचं साल्झबर्ग प्रमाण जर्मनमध्ये झाल्च-बुर्क असं म्हणतात, अन हा च आपल्याला शिकावा लागत नाही.

इंग्लंडवाले नावातला मधला तुकडाच गिळतात. Leicester चं लेस्टर, Worcester चं वूस्टर, Gloucester चं ग्लॉस्टर. अमेरिकेत आर्कन्सॉ अन इलिनॉय, शेवटचा एस गप्प. याला नियम नाही, पाठच करा.

आपली जीभ खरी अडते ती व पाशी. वीस चं ईस, विहिरीची इहीर होते ना, तसं व्हिएतनाम अन व्हेनिसचा व पण गळते. वरचे दात खालच्या ओठावर टेकवा, हवा सोडा, मग पुढचं म्हणा. मोठ्यानं म्हणा, मनात म्हणून जमत नाही.

पॅरिसला मात्र मराठी बोलताना पारी म्हणत बसू नका, ते उगाच वाटते. रुळलेलं नाव तसंच राहू द्या. इंग्रजांच्या कागदात वऱ्हाडचं बेरार अन वाशीमचं बासिम होतंच की.

नवीन नाव आलं तर फोर्वो नावाच्या साइटवर जा, तिथे त्या त्या भाषेची माणसं स्वतः नाव बोलून ठेवतात. ऐका, वहीत देवनागरीत तुकडे पाडून लिहा, परत ऐका.

अन क्रिकेट पाहणाऱ्यांसाठी एक अवघड नाव. दक्षिण आफ्रिकेच्या पोर्ट एलिझाबेथचं नाव 2021 मध्ये बदललं, नवीन नाव Gqeberha, ते खोसा भाषेतलं आहे अन त्याची सुरुवातच जिभेच्या टॉक आवाजानं होते. बैल हाकताना जीभ टाळूला चिकटवून झटक्यात सोडतो ना, तसाच काढा, अन मध्ये न थांबता त्याला लावून एबेखा म्हणा, ख घशातून घासत.