लॉगिन नोडवर व्हीएस कोड उघडण्याआधी

पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतल्या ‘परम ब्रह्म’सारख्या सामायिक महासंगणकावर लॉगिन नोड, म्हणजे आत शिरताना लागणारा पहिला संगणक, सगळ्यांचा असतो. व्हीएस कोड या कोड लिहिण्याच्या एडिटरचं ‘रिमोट एसएसएच’ (दूरच्या संगणकाला जोडणारी सोय) वापरून तिथे थेट जोडलं, की नुसती खिडकी उघडत नाही. पलीकडे एक सर्व्हर सुरू होतो, एक्स्टेन्शन्स चालू लागतात, हजारो फायलींची अनुक्रमणी सुरू होते. मग शेजारच्याला साधं ‘एलएस’ करायलाही (फायलींची यादी बघायलाही) ताटकळावं लागतं.

त्यापेक्षा आधी स्लर्म, म्हणजे महासंगणकाचे नोड वाटून देणारी प्रणाली, हिच्याकडून ‘एसअॅलॉक’ या कमांडने एक-दोन कोअर, चार जीबी मेमरी आणि मोजका वेळ मागून घ्या. मिळालेल्या नोडचं नाव आपल्या लॅपटॉपवरच्या एसएसएच कॉन्फिगमध्ये लिहा, ‘प्रॉक्सीजम्प’मध्ये (मधला टप्पा सांगणाऱ्या ओळीत) लॉगिन नोड द्या आणि एडिटर तिथे जोडा. बहुतेक केंद्रांत आपलं जॉब (स्लर्मकडून घेतलेलं हे वाटप) चालू असेपर्यंतच त्या नोडवर शिरता येतं, म्हणून फायली सेव्ह करत राहा.

एडिटरमध्ये डेटाचं फोल्डर कधीच उघडू नका, फक्त कोडचं उघडा. हे एवढं केलं तरी निम्मा भार उतरतो, असं मला मनापासून वाटतं. होम डिरेक्टरीतलं लपलेलं ‘व्हीएसकोड-सर्व्हर’ फोल्डर कोटा (आपल्या वाट्याची साठवणीची जागा) खातं, तेही अधूनमधून तपासा. आणि खिडकी बंद केली म्हणजे सर्व्हर लगेच थांबतोच असं नाही. काम संपल्यावर एडिटरच्या कमांड पॅलेटमधून (कमांड शोधायच्या चौकटीतून) ‘किल व्हीएस कोड सर्व्हर ऑन होस्ट’ द्या, नंतर जॉबही रद्द करा.