शेळ्या-मेंढ्या चरायला सोडताना या चुका टाळा
सांगोल्याच्या बाजारात व्यापारी बोकडाच्या पाठीवरून हात फिरवतो आणि दर सांगतो. पाठ भरलेली हवी म्हणून आपण चाऱ्याच्या मागं लागतो. पण रानात अचानक दगावलेली बरीच जनावरं उपाशी पोटी हावरेपणानं खाऊन गेलेली असतात, हे लक्षात येत नाही.

सगळ्यात महागात पडते ती किरळ, म्हणजे ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांची विषबाधा. मालदांडी ज्वारी काढून झाली, अवकाळीची एक सर आली, की धसकटांना हिरवे फुटवे येतात. आजूबाजूचा माळ करपलेला, त्यामुळे शेळ्या तिकडंच ओढतात. हे कोवळे फुटवे पोटात गेले की त्यातून सायनाइड सुटतं. पावसाच्या ताणानं गुडघ्याएवढीच राहिलेली ज्वारीही तितकीच वाईट. आमच्या दोन शेळ्या अशा गेल्या. हिरड्या लालभडक, धाप, तोंडाला फेस, आणि घरनं गुळाचं पाणी येईपर्यंत पाय ताणलेले. यावर सोडियम थायोसल्फेट शिरेतून द्यावं लागतं, आणि ते डॉक्टरचंच काम. त्यांचा नंबर बांधावर असताना हाताशी हवा. वाळलेल्या कडब्याला ही भीती नाही. हिरवी ज्वारी मात्र फुलोऱ्यात येईपर्यंत दूरच ठेवा, आणि फुटवे आलेल्या रानात कळप घालूच नका.

दुसरी वेळ पहिल्या पावसाची. चार महिने काटक्या चघळलेल्या कळपाला लुसलुशीत गवत दिसतं आणि आपणही "खाऊ दे पोटभर" म्हणतो. सकाळी वाड्यात मेलेलं सापडतं ते कळपातलं सगळ्यात गुटगुटीत कोकरू. लोक दृष्ट लागली म्हणतात. खरं तर तो आंत्रविषार. आतड्यातले जंतू एकदम वाढून विष सोडतात. लस मे महिन्यातच टोचून घ्या, कारण अंगात ताकद यायला दोनेक आठवडे जातात. पहिल्यांदाच टोचत असाल तर १५ दिवसांनी दुसरा डोस लागतो. जून उजाडल्यावर धावपळ करून काय उपयोग? पहिले आठ-दहा दिवस सकाळी थोडा कडबा खाऊ घालून मगच बाहेर काढा, तेही तासाभरापुरतं.

दव असताना सोडू नये, हे आजोबा सांगायचे ते उगाच नव्हे. जंतांच्या अळ्या ओल्या गवताच्या पात्यावर चढतात. गवत अगदी बुडापर्यंत खुरटलं असेल तर धोका आणखी वाढतो, म्हणून माळाचे तीन-चार तुकडे करून आलटून पालटून चारा. जंताचं औषध अंदाजानं देऊ नका, वजन करून द्या. डोळ्याची खालची पापणी उलटून पाहा: आतली कड लाल असायला हवी. पांढरी पडली असेल आणि जबड्याखाली पाणी उतरलं असेल, तर जंतांनी रक्त प्यायलंय.

पाण्याचं थोडक्यात सांगतो. उन्हाळ्यात एका शेळीला दिवसाला पाचेक लिटर तरी लागतं, आणि दिवसभर तहानलेला कळप संध्याकाळी डबक्यावर तुटून पडतो. हिरवी साय धरलेलं पाणी पाजू नका. दुपारीच सावलीत टाकी भरून ठेवा. शेततळ्याला मात्र कुंपण हवंच. प्लास्टिकवरून पाय घसरला की शेळीला वर येता येत नाही, आणि राखणारा पोरगा तिच्यामागं उतरतो.